ग्रंथकाराचे सर्वनाम : मराठी ग्रंथनोंदीतील लिंगनिर्देशाचा इतिहास

ग्रंथाची किंवा शोधनिबंधाची नोंद करावयाची म्हणजे त्याचे नाव, ग्रंथकाराचे नाव, प्रकाशनाचे स्थळ, वर्ष आणि पृष्ठसंख्या एवढी माहिती टिपून ठेवावयाची, अशी सर्वसाधारण समजूत आहे. संगणकाच्या युगात या माहितीला ‘मेटाडेटा’ हे नाव मिळाले. परंतु तिचे स्वरूप मूलतः ग्रंथालयातील जुन्या तालिकापत्राचेच राहिले. अलीकडे विद्वत्प्रकाशनांच्या क्षेत्रात असा एक प्रश्न उपस्थित झाला आहे की, ग्रंथकाराचा तृतीयपुरुषी उल्लेख कोणत्या सर्वनामाने व्हावा, हेही या नोंदीत समाविष्ट करावे काय? इंग्रजीत हा प्रश्न ‘ही’, ‘शी’ आणि ‘दे’ या सर्वनामांभोवती फिरतो. ज्या विदुषीचा उल्लेख परदेशी समीक्षकाने पुरुष म्हणून केला, किंवा ज्या संशोधकाने आपली लिंगविषयक ओळख पुढे बदलली, त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा राहत नाही. आपले काम आपल्या नावावर ओळखले जाणार की नाही, असा तो प्रश्न आहे.

मराठीच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. ग्रंथकार स्त्री आहे की पुरुष, हे मराठी ग्रंथव्यवहाराने गेल्या दीडशे वर्षांत सतत नोंदविले आहे. मात्र त्यासाठी स्वतंत्र रकाना कधी आखला गेला नाही. ही माहिती नावामागच्या उपपदात, आद्याक्षरांच्या प्रघातात, आडनावाच्या बदलात आणि अखेर क्रियापदाच्या प्रत्ययात विखुरलेली राहिली. ती कोणी नोंदविली, कोणाच्या इच्छेने नोंदविली आणि तिचा विद्येशी संबंध किती होता, हे पाहिले म्हणजे आजच्या वादाकडे पाहण्याची एक ऐतिहासिक बैठक मिळते.

१. पाचगणी व वाई

या विवेचनाला सातारा जिल्ह्यातील पाचगणी–वाई हा परिसर आधार म्हणून घेणे सोयीचे आहे. याची कारणे तीन आहेत. पहिले असे की, पाचगणी हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वसलेले थंड हवेचे ठिकाण पुढे निवासी शाळांचे गाव झाले. मुलींसाठी किमिन्स, मुलांसाठी सेंट पीटर्स अशा इंग्रजी शाळा तेथे त्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी निघाल्या. १९२२ मध्ये संजीवन विद्यालयाची भर पडली. येथील विद्यार्थ्याला उल्लेखाची दोन व्याकरणे एकाच वेळी शिकावी लागतात. इंग्रजीत एका व्यक्तीविषयी लिहिताना परंपरेने ‘ही’ किंवा ‘शी’ यांपैकी एक निवडावेच लागे. मराठीत आदरार्थी बहुवचनामुळे ही निवड पुष्कळदा टळते.

दुसरे कारण असे की, पाचगणीहून पसरणीचा घाट उतरताच कृष्णाकाठी वाई लागते. तेथील प्राज्ञपाठशाळेतून धर्मकोश व मीमांसाकोश यांसारखे ग्रंथ बाहेर पडले आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम तेथेच उभे राहिले. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८० मध्ये विश्वकोशासाठी स्वतंत्र मंडळ निर्माण झाले. शेकडो लेखकांची नावे एका पद्धतीने छापण्याचा प्रसंग मराठीत एवढ्या मोठ्या प्रमाणावर क्वचितच आला असेल.

तिसरे कारण भाषिक आहे. कृष्णा व पंचगंगा यांच्या खोऱ्यात, विशेषतः सांगली–कोल्हापूरकडे, अनेक स्त्रिया बोलताना स्वतःविषयी ‘मी आलो’, ‘मी जातो’ अशी रूपे वापरतात. प्रमाण मराठीच्या व्याकरणात ही रूपे पुल्लिंगी मानली जातात; परंतु ती वापरणाऱ्या स्त्रीला आपण पुरुषासारखे बोलतो असे मुळीच वाटत नाही. गोव्याकडील कोंकणीत तरुण मुलीचा निर्देश नपुंसकलिंगाने होतो, हेही याच प्रकारचे उदाहरण होय. व्याकरणातील लिंग आणि व्यक्तीची ओळख यांचा संबंध यांत्रिक नाही, एवढे या उदाहरणांवरून आरंभीच लक्षात ठेवले पाहिजे.

२. उपपदांचा रकाना

ग्रंथांच्या शासकीय नोंदीचा प्रारंभ आपल्याकडे १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने झाला. मुद्रणालये व ग्रंथ यांच्या नोंदणीविषयीच्या या कायद्याने प्रत्येक ग्रंथाची तपशीलवार माहिती मागविली होती. ग्रंथाचे नाव, भाषा, लेखक, भाषांतरकार किंवा संपादक यांची नावे, विषय, मुद्रणाचे व प्रकाशनाचे स्थळ, पृष्ठसंख्या, आकार, आवृत्ती, प्रतींची संख्या, ग्रंथ खिळ्यांवर छापला की शिळाप्रेसवर, किंमत आणि स्वामित्वाधिकार धारण करणाऱ्याचे नाव व पत्ता, इतके रकाने त्यात होते. ग्रंथकार स्त्री की पुरुष, हे त्या कायद्याने विचारले नाही. हा कायदा दीडशेहून अधिक वर्षे टिकला. २०२३ च्या नव्या कायद्याने तो रद्द झाला आणि नवा कायदा १ मार्च २०२४ पासून अमलात आला.

कायद्याने जे विचारले नाही ते मुखपृष्ठाने सांगितले. एकोणिसाव्या शतकातील मराठी ग्रंथांवर ग्रंथकाराचे नाव उपपदावाचून छापणे हा उद्धटपणा समजला जाई. पुरुषाच्या नावामागे ‘रा. रा.’, म्हणजे राजमान्य राजश्री. शास्त्र्याच्या नावामागे ‘वे. शा. सं.’, म्हणजे वेदशास्त्रसंपन्न. कीर्तनकाराच्या नावामागे ‘ह. भ. प.’, इंग्रज सरकारचा मान मिळालेल्याच्या नावामागे ‘रावसाहेब’ किंवा ‘रावबहादुर’. स्त्रीच्या नावामागे मात्र ‘सौ.’, ‘कु.’ किंवा ‘गं. भा.’ यांपैकी एक येई. या दोन मालिका शेजारी ठेवल्या की त्यांतील भेद स्पष्ट होतो. पुरुषाचे उपपद त्याची विद्या, वृत्ती किंवा राजमान्यता सांगते. स्त्रीचे उपपद तिचा नवरा हयात आहे की नाही, किंवा तिचे लग्न व्हावयाचे आहे काय, एवढेच सांगते. ‘श्रीमती’ हा शब्द वस्तुतः या तिन्ही अवस्थांना सारखाच लागू पडणारा. परंतु व्यवहारात त्यालाही पुष्कळ ठिकाणी वैधव्याचा अर्थ चिकटला.

अशा स्थितीत एखाद्या स्त्रीने विद्येची पदवी मिळविली म्हणजे उपपदांची कशी गर्दी होते, हे आनंदीबाई जोशी यांच्या उल्लेखांवरून दिसून येते. १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळविणाऱ्या आनंदीबाईंचे निधन १८८७ मध्ये झाले. त्यांच्या नावामागे ‘सौ.’ आणि ‘डॉ.’ ही दोन्ही उपपदे एकत्र लागत. पहिले कुटुंबातील स्थान सांगणारे, दुसरे स्वतःच्या श्रमाने मिळविलेले. यांपैकी ‘डॉ.’ हे उपपद मराठीत पूर्णतः लिंगनिरपेक्ष आहे, ‘प्रा.’ हेही तसेच. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विद्यापीठीय लेखनातून ‘सौ.’ व ‘कु.’ हळूहळू मागे पडले. त्यामागे सुधारणावादी चळवळीचा वाटा असेलच. पण पदवीचे उपपद हाताशी आल्यामुळे कुटुंबाच्या उपपदाची गरज संपली, हेही तितकेच खरे.

पंडिता रमाबाई यांचे उदाहरण याहून वेगळे आहे. १८७८ मध्ये कलकत्त्यातील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथावर या दोन्ही पदव्यांसह नाव आहे. पतीचे आडनाव त्यावर नाही. येथे स्त्रीलिंगाचा निर्देश आहेच, कारण ‘पंडित’ या शब्दाला स्त्रीप्रत्यय लागला आहे. परंतु तो विद्येच्या पदवीला लागलेला आहे आणि ग्रंथकर्त्रीने तो स्वतः मिरविला आहे. लिंगनिर्देश स्वतः अपमानकारक नसतो. तो कशाला जोडला जातो आणि कोण जोडतो, यावर त्याचे मूल्य अवलंबून असते, हे या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

३. आद्याक्षरे आणि पूर्ण नाव

उपपदे गळून पडल्यावर लिंगनिर्देश नाहीसा झाला असे मात्र नाही. तो नावाच्या लेखनपद्धतीत शिरला. मराठी पुरुष लेखकांची नावे आद्याक्षरांनी प्रसिद्ध आहेत : वि. का. राजवाडे, श्री. व्यं. केतकर, वि. वा. शिरवाडकर, पु. ल. देशपांडे, गो. नी. दांडेकर. स्त्री-लेखकांची नावे बहुधा पूर्ण लिहिली जातात : काशीबाई कानिटकर, इरावती कर्वे, दुर्गा भागवत, कुसुमावती देशपांडे, सरोजिनी बाबर. या प्रघाताला अपवाद आहेत. तथापि प्रघात इतका रूढ आहे की केवळ आद्याक्षरे दिसली की वाचक पुरुष गृहीत धरतो. दोन आद्याक्षरांतील दुसरे वडिलांच्या नावाचे असते. पुरुषाच्या बाबतीत ते जन्मभर स्थिर राहते. स्त्रीच्या बाबतीत विवाहानंतर त्या जागी पतीचे नाव येण्याची रूढी होती. म्हणजे पुरुषाला आद्याक्षरांत जे स्थैर्य लाभते ते स्त्रीला केवळ स्वतःच्या पहिल्या नावात लाभते. या प्रघाताची ही उपपत्ती संभाव्य वाटते.

विश्वकोशाने या बाबतीत एक शिस्त पाळली. नोंदीच्या शेवटी लेखकाचे नाव आडनावापासून छापावयाचे आणि कोणतेही उपपद लावावयाचे नाही, अशी ती पद्धती आहे. आडनाव आधी घेण्याची ही ग्रंथालयीन रीत वरवर पाहता केवळ अकारविल्हे क्रमाच्या सोयीची आहे. परंतु तिचा एक अनपेक्षित परिणाम झाला. ‘सौ. काशीबाई कानिटकर’ हे नाव ‘कानिटकर, काशीबाई’ असे उलटले की ‘सौ.’ला बसावयास जागाच राहत नाही. शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चा १८०० ते १९३७ या कालखंडाचा भाग १९४३ मध्ये आणि १९३८ ते १९५० या कालखंडाचा भाग १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा मोठ्या सूचींमुळे नावाकडे सन्मानाचे चिन्ह म्हणून न पाहता ओळखीचे साधन म्हणून पाहण्याची सवय मराठी अभ्यासकाला लागली. समतेच्या दृष्टीने तालिकाशास्त्राने केलेले हे काम फारसे लक्षात घेतले गेलेले नाही.

नाव हे ओळखीचे साधन म्हणून किती अपुरे पडते, हे ‘कर्वे यांच्या मते’ एवढ्याच शब्दांवरून दिसेल. धोंडो केशव कर्वे, रघुनाथ धोंडो कर्वे, कोशकार चिंतामण गणेश कर्वे आणि मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे हे चौघेही मराठी विद्याव्यवहारातील मान्यवर. स्त्रीशिक्षण, संततिनियमन, कोशरचना आणि नातेसंबंधांची व्यवस्था हे त्यांचे विषय भिन्न असले, तरी त्यांच्या कार्यकाळाचा बराच भाग एकमेकांवर पडतो. केवळ आडनावाने केलेला उल्लेख येथे निरुपयोगी ठरतो. सर्वनामाने चौघांतून एक निवडता येईल. उरलेल्या तिघांचा प्रश्न तसाच राहील. सर्वनाम ओळख पटविण्याच्या कामी फार थोडे उपयोगी पडते. त्याचे कार्य ओळख पटल्यानंतर योग्य उल्लेख करण्याचे आहे. आजच्या चर्चेत ही दोन कार्ये वारंवार एकमेकांत मिसळली जातात.

४. नाव बदललेले ग्रंथकार

ग्रंथकाराने नाव बदलले असता नोंद कशी ठेवावी, हा प्रश्न वाईला नवा नाही. प्राज्ञपाठशाळेचे संस्थापक नारायणशास्त्री मराठे यांनी पुढे संन्यास घेतला आणि ते केवलानंद सरस्वती झाले. मीमांसाकोश याच नावाने प्रसिद्ध झाला आहे. संन्यासी आपल्या पूर्वाश्रमाचे श्राद्ध स्वहस्ते करतो. शास्त्रदृष्ट्या ती पूर्वीची व्यक्ती उरलेलीच नसते. तरीही ग्रंथपालाला दोन्ही नावांची सांगड घालावी लागते आणि ती ‘पाहा’ या एका शब्दाने घातली जाते. मराठे या नावाखाली शोधणाऱ्याला केवलानंद सरस्वती या नावाकडे पाठविले जाते. पुढचे नाव मुख्य, मागचे केवळ वाट दाखविणारे, हा त्यातील क्रम महत्त्वाचा आहे. व्यक्तीने स्वीकारलेल्या नावाला अग्रस्थान द्यावे, हे तत्त्व आपल्या तालिकाकारांनी कोणत्याही वादाशिवाय मान्य केलेले होते.

मालती बेडेकर यांच्या बाबतीत एकाच लेखणीला तीन नावे लाभली. बाळूताई खरे या नावाने त्यांचे आरंभीचे शास्त्रीय स्वरूपाचे लेखन प्रसिद्ध झाले. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या टोपणनावाने बाहेर पडला. शिक्षित, अविवाहित स्त्रियांच्या मनोव्यथा त्यात इतक्या निर्भीडपणे आल्या होत्या की, ही विभावरी कोण, याविषयी महाराष्ट्रात मोठे कुतूहल आणि तितकाच क्षोभ निर्माण झाला. विवाहानंतर मालती बेडेकर हे तिसरे नाव आले. या तीन नावांपैकी पहिले जन्माचे, तिसरे विवाहाचे. दुसरे मात्र त्यांनी स्वतः निवडलेले होते आणि वाचकांच्या स्मरणात तेच टिकले. खरे नाव उघड करण्याची घाई त्या काळच्या एखाद्या सूचीकाराने केली असती, तर ती माहिती बिनचूक असूनही तिने लेखिकेचे संरक्षण काढून घेतले असते. नोंदीची अचूकता आणि नोंदीचे औचित्य या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे येथे ध्यानात येते.

नावावरून लिंग ठरविणे किती धोक्याचे आहे याचेही उदाहरण मराठीत आहे. ‘जोगवा’ आणि ‘दिवेलागण’ हे काव्यसंग्रह ज्यांच्या नावावर आहेत ते आरती प्रभू म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर. ‘ग्रेस’ हे इंग्रजीत स्त्रीचे असणारे नाव धारण करणारे कवी म्हणजे माणिक गोडघाटे. पहिल्या नावावरून लेखकांची विभागणी करणाऱ्या संगणकीय पद्धती आज सर्रास वापरल्या जातात. त्यांच्या हाती मराठी कवींची यादी दिली, तर या दोघांची गणना कोठे होईल हे सांगावयास नको.

५. सर्वनाम की प्रत्यय?

आता प्रत्यक्ष व्याकरणाकडे वळावयाचे. सर्वनाम नोंदवावे ही सूचना इंग्रजीच्या घडणीतून आलेली आहे. इंग्रजीत लिंगभेद जवळजवळ सर्वस्वी तृतीयपुरुषी एकवचनी सर्वनामात साठविलेला असतो. क्रियापदाला त्याची वार्ता नसते. मराठीची स्थिती निराळी आहे. येथे सर्वनाम, क्रियापद, विशेषण आणि पदनाम अशा चार ठिकाणी लिंग प्रकट होऊ शकते. आणि आदरार्थी बहुवचन व कर्मणी प्रयोग यांच्या योगाने ते चारही ठिकाणी झाकलेही जाऊ शकते.

‘तो लिहितो’ आणि ‘ती लिहिते’ यांत सर्वनाम व क्रियापद दोन्ही बोलतात. परंतु विद्यमान विद्वानाविषयी एकवचन वापरण्याची रीत नाही. पाणिनी म्हणतो, ॲरिस्टॉटल म्हणतो, गार्गी विचारते. राजवाडे मात्र म्हणतात. आदरार्थी रूपात ‘ते लिहितात’ व ‘त्या लिहितात’ येथे क्रियापद मौन धरते आणि सर्वनाम बोलते. ‘कर्वे लिहितात’ असे म्हटले की तेही थांबते. तृतीया विभक्तीत तर ‘त्याने’ आणि ‘तिने’ हा भेद आदरार्थी ‘त्यांनी’मध्ये पूर्णपणे लोपतो. ‘त्यांनी ग्रंथ लिहिला’ या कर्मणी प्रयोगात क्रियापद ग्रंथाच्या लिंगवचनानुसार चालते, कर्त्याच्या नव्हे. ‘त्यांनी विद्यार्थ्यांना शिकविले’ या भावे प्रयोगात ते कोणाच्याच मागे जात नाही. मोरो केशव दामले यांच्या १९११ मधील ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या ग्रंथापासून हे प्रयोगविवेचन मराठीच्या प्रत्येक अभ्यासकाला परिचित आहे.

याचा व्यावहारिक परिणाम असा की, मराठीत एखाद्या संशोधकाचा संपूर्ण परिचय लिंगनिर्देशावाचून आणि भाषेला कोठेही न ताणता लिहिता येतो. ‘त्यांचा जन्म सातारा जिल्ह्यात झाला, त्यांचे प्राथमिक शिक्षण पाचगणी येथे झाले, त्यांना पुणे विद्यापीठाची पदवी मिळाली, त्यांनी बोलींचा अभ्यास केला, त्यांचे तीन ग्रंथ प्रसिद्ध आहेत.’ या पाच वाक्यांत कोणतीही कृत्रिमता नाही. आपली विद्वत्पत्रिकांची भाषा अशीच आहे. गाठ पडते ती काही मोजक्या ठिकाणी. ‘गेले–गेल्या’, ‘राहिले–राहिल्या’ यांसारखी अकर्मक क्रियापदे भूतकाळात कर्त्याचे लिंग सांगतात. ‘म्हणणे’ आणि ‘शिकणे’ ही क्रियापदे सकर्मक असूनही कर्तरी प्रयोगात राहतात. म्हणून ‘म्हणाले–म्हणाल्या’, ‘शिकले–शिकल्या’ हा भेद टळत नाही. विद्वानाविषयी लिहिताना याच दोन क्रियापदांची वारंवार गरज पडावी, हा योगायोग मोठा चमत्कारिक आहे. चौथे स्थान पदनामांचे : लेखक–लेखिका, संपादक–संपादिका, प्राध्यापक–प्राध्यापिका. विजया वाड यांनी विश्वकोश मंडळाची धुरा सांभाळली, तेव्हा ‘अध्यक्ष’ आणि ‘अध्यक्षा’ अशी दोन्ही रूपे प्रचारात होती. पद एकच, रूप कोणते वापरावे याविषयी भाषेचा निर्णय अद्याप झालेला नाही.

प्रथमपुरुषाचे स्वरूप याच्या नेमके उलट आहे. इंग्रजीतील ‘आय’ लिंग सांगत नाही. मराठीतील ‘मी म्हणतो’ आणि ‘मी म्हणते’ यांत ते सांगितले जाते. म्हणजे ज्या मराठी ग्रंथकाराने प्रस्तावनेत स्वतःविषयी चार वाक्ये लिहिली आहेत, त्यांनी आपला उल्लेख कसा व्हावा हे बहुधा स्वतःच सांगून ठेवलेले असते. तालिकाकाराने तर्क करण्याऐवजी प्रस्तावना वाचावी, एवढाच याचा अर्थ.

६. पाश्चात्त्य तालिकाशास्त्रातील प्रयोग

ग्रंथकाराचे लिंग स्वतंत्र रकान्यात नोंदविण्याचा प्रयोग पाश्चात्त्य ग्रंथालयांनी अलीकडेच करून पाहिला आणि तो फार काळ टिकला नाही. २०१० मध्ये प्रसृत झालेल्या ‘रिसोर्स डिस्क्रिप्शन अँड ॲक्सेस’ या तालिकासंहितेत व्यक्तीचे लिंग हा ओळखीचा एक घटक म्हणून समाविष्ट झाला. स्त्री, पुरुष किंवा अज्ञात असे पर्याय त्यात सुचविले होते. संगणकीय नोंदींच्या मार्क पद्धतीत त्यासाठी ३७५ क्रमांकाचे क्षेत्र राखून ठेवण्यात आले. २०१४ मध्ये ॲम्बर बिली, एमिली ड्रॅबिन्स्की आणि के. आर. रॉबर्टो यांनी या नियमावर सविस्तर टीका केली. लिंग ही सर्वकाळ स्थिर असणारी आणि तालिकाकाराला बाहेरून कळणारी गोष्ट आहे, हे त्या नियमामागचे गृहीतच त्यांनी अमान्य केले. सहकारी तालिकीकरणाच्या अमेरिकन कार्यक्रमाने नेमलेल्या गटाने २०१६ मध्ये या क्षेत्राच्या वापरावर मर्यादा सुचविल्या आणि २०२२ च्या सुधारित अहवालात लिंगाची नोंद करूच नये अशी शिफारस केली. बारा वर्षांत वर्तुळ पूर्ण झाले.

याच काळात विद्वत्प्रकाशनाने दुसरा मार्ग धरला. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘ऑर्किड’ या व्यवस्थेत संशोधकाला सोळा अंकांची कायम ओळख मिळते. तिच्याशी एकाहून अधिक नावे जोडता येतात आणि लिंगाचा रकाना तिच्यात ठेवलेला नाही. नाव बदललेल्या लेखकांच्या पूर्वप्रसिद्ध निबंधांवर नवे नाव घालण्याची सोय असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी या संस्थेने २०१९ मध्ये केली व पुढील काही वर्षांत अनेक प्रकाशकांनी तिचे अनुकरण केले. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात, आपली लिंगविषयक ओळख ठरविण्याचा अधिकार ज्या त्या व्यक्तीचा आहे, हे तत्त्व मान्य केले. या सर्व घटनांचा रोख एकच आहे : माहिती देण्याचा अधिकार नोंद करणाऱ्याकडून ग्रंथकाराकडे सरकत आहे.

केवलानंद सरस्वतींच्या उदाहरणाची मर्यादाही येथे सांगितली पाहिजे. संन्याशाचे पूर्वाश्रमीचे नाव सर्वांना ठाऊक असण्यात कोणाचे अनिष्ट होत नाही. लिंगविषयक ओळख बदललेल्या संशोधकाच्या बाबतीत ‘पाहा’ हा एक शब्दही उपद्रवकारक ठरू शकतो. कारण जी गोष्ट त्यांनी मागे टाकली तीच तो शोधणाऱ्याच्या हाती देतो. म्हणून अशा ठिकाणी दोन नावांची सांगड नावाने न घालता क्रमांकाने घालणे अधिक उचित होय. तत्त्व जुनेच राहते. साधन तेवढे बदलते.

७. समारोप

या प्रतिपादनावर एक आक्षेप संभवतो आणि तो दुर्लक्षणीय नाही. लिंगाची नोंदच ठेवली नाही, तर विद्येच्या क्षेत्रात स्त्रियांचा वाटा किती होता व आहे, हे इतिहासकाराने मोजावयाचे कसे? ज्या उपपदांवर वर टीका केली, त्याच ‘सौ.’ आणि ‘गं. भा.’ यांच्यामुळे एकोणिसाव्या शतकातील स्त्री-लेखकांचा माग लागतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु या आक्षेपाचे उत्तर कामांच्या विभागणीत आहे. तालिकेचे काम ग्रंथ आणि ग्रंथकार यांची अचूक गाठ घालून देण्याचे. समाजातील वाटा मोजण्याचे काम चरित्रे, प्रस्तावना, पत्रव्यवहार आणि ग्रंथकारांनी स्वतः दिलेली माहिती यांच्या आधारे करावयाचे. नावावरून केलेल्या तर्कांची बेरीज करून इतिहास लिहिला, तर त्यात आरती प्रभू स्त्रियांत मोजले जातील आणि केवळ आद्याक्षरांनी लिहिणारी एखादी विदुषी पुरुषांत हरवेल.

मराठी विद्वत्पत्रिकांनी ग्रंथकाराच्या उल्लेखाविषयी माहिती मागवावयाची झाल्यास, इंग्रजी नमुन्याचा सर्वनामाचा रकाना जसाच्या तसा उचलून चालणार नाही. विचारावयाचे ते असे : ‘आपल्याविषयी लिहिताना क्रियापद व पदनाम कोणत्या रूपात यावे?’ उत्तर देणे ऐच्छिक असावे, ते बदलण्याची मुभा असावी, आणि उत्तर न आल्यास ‘यांनी’, ‘त्यांनी’, ‘लिहितात’ ही आपल्या गद्याला चांगली परिचित असलेली रूपे वापरावीत. कुटुंबातील स्थान सांगणारी उपपदे एका काळी विद्येच्या नावामागे सक्तीने चिकटविली गेली. तीच सक्ती नव्या नावाने परत आणण्याचे कारण नाही. ज्या भाषेने आदरासाठी बहुवचन योजिले, तिच्यात आदराला लिंगाचा आधार लागतोच असे नाही. आणि ज्यांना तो निर्देश हवा आहे, त्यांच्यासाठी तिच्या क्रियापदांत भरपूर जागा आहे.